हिरकणीचा बुरूज आणि आजच्या आईचा हक्क

हिरकणीची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. रायगडाच्या पायथ्याची ती गवळण. कोजागिरीच्या दिवशी गडावर दूध घालायला गेली, परतायला उशीर झाला आणि सूर्यास्ताबरोबर गडाचे दरवाजे बंद झाले. घरी तान्हं बाळ भुकेलं. पहारेकरी दार उघडेनात. तेव्हा ही बाई अंधारात सरळ कडा उतरून बाळाजवळ गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला, असं आख्यायिका सांगते. रायगडावर तो हिरकणी बुरूज आजही आहे.

या गोष्टीचं आपल्याला केवढं कौतुक! पण मित्रांनो, तीच हिरकणी आज वर्धा स्टेशनच्या बाकावर बसून बाळाला पाजू लागली तर? कुणी टक लावून बघतं, कुणी तोंड वाकडं करतं, कुणी म्हणतं, "हे काय, इथेच?" म्हणजे गडाचा दरवाजा आजही बंदच आहे, फक्त तो आता लाकडाचा न राहता नजरांचा झालाय.

मी या विषयावर लिहितोय हे कळल्यावर होस्टेलवर भरपूर हशा झाला. "तू सिव्हिलचा माणूस, तुझा काय संबंध?" असंही विचारून झालं. संबंध आहे, आणि तो लेखाच्या शेवटी सांगतो. आधी थोडं शास्त्र, मग थोडा कायदा.

'घरी जाऊन पाज' हे का चालत नाही?

नवजात बाळ चोवीस तासांत साधारण आठ ते बारा वेळा दूध पितं. म्हणजे दर दोन-तीन तासांनी. त्याचं पोट इवलंसं, त्यात एका वेळी फार मावत नाही. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं, वरचं पाणीसुद्धा देऊ नये, आणि पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षं किंवा त्याहूनही जास्त काळ पाजत राहावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आता हिशोब करा. आर्वीकडच्या एखाद्या गावातून लेकराला लस द्यायला किंवा दाखवायला सेवाग्रामच्या कस्तुरबा हॉस्पिटलमध्ये आणायचं. गावातून फाट्यापर्यंत ऑटो, मग बस, मग ओपीडीची लाईन, मग परतीची बस. अख्खा दिवस जातो. एवढ्या वेळात बाळ तीन-चार वेळा भुकेने रडणारच. त्याला टाइमटेबल कळत नाही.

दुसरी गोष्ट आईच्या शरीराची. इथे मागणी तसा पुरवठा हा साधा नियम चालतो. बाळ जेवढं ओढेल तेवढं दूध तयार होतं. बाळ ओढू लागलं की मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि पान्हा फुटतो. ताण, भीती, संकोच असला की हाच पान्हा अडतो. चारजण टकामका बघत असताना बाळ रडत राहतं ते यामुळेच. आणि वेळेवर पाजलं नाही तर छाती दुधाने भरून दगडासारखी होते, दुखते, कधी गाठ होऊन तापही येतो. तेव्हा 'थोडं थांब' हा सल्ला ऐकायला सोपा असला तरी त्याची किंमत दोन जीव मोजतात.

लाज नेमकी कुणाची?

आपल्याकडे हे काही नवीन नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत कोणत्याही गावच्या शेतात जाऊन बघा. धुऱ्यावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधलेली असते. लेकरू रडलं की आई ओटी सोडते, झाडाखाली बसते, पाजते आणि पुन्हा तासाला लागते. शेतात माणसं असतात, पण कुणी मान वळवून बघत नाही. कुणाला त्यात काही वेगळं वाटतच नाही.

मागच्या हिवाळ्यात वर्ध्याला येणाऱ्या बसमध्ये मी एक प्रसंग पाहिला. एक तरुण आई पदराआड बाळाला पाजत होती. समोरच्या सीटवरचे पँट-शर्टातले गृहस्थ जरा मोठ्यानेच म्हणाले, "घरून पाजून निघायला काय होतं या लोकांना?" ती बिचारी अवघडली, बाळाला बाजूला केलं, आणि बाळाने जो गळा काढला! तेव्हा मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्या आजीने त्यांना सुनावलं, "लेकराले दूध पाजाची कायची लाज बाप्पा? तुमी का डबा खाऊन मोठे झाले?" अख्खी बस हसली. गृहस्थ खिडकीबाहेर बघू लागले आणि बाळ पुन्हा पदराआड गेलं. आजींना एकही कलम माहीत नसणार. पण त्या जे बोलल्या, तेच पुढे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या भाषेत सांगितलेलं आहे.

कायदा काय सांगतो?

पहिली गोष्ट स्पष्ट करू. सार्वजनिक ठिकाणी बाळाला पाजू नये, असं सांगणारा कोणताही कायदा आपल्या देशात नाही. त्यासाठी कुणाची परवानगीही लागत नाही. काहीजण अश्लीलतेचं कलम पुढे करतात. पण ते कलम (भारतीय न्याय संहितेतलं २९६) अश्लील कृत्यासाठी आहे, आणि भुकेल्या बाळाला पाजणं हे अश्लील कृत्य नव्हे. २०१८ मध्ये केरळच्या 'गृहलक्ष्मी' मासिकाने मुखपृष्ठावर स्तनपानाचं छायाचित्र छापलं तेव्हा मोठा गदारोळ झाला. प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाला त्यात अश्लील काही आढळलं नाही.

२०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयापुढे एक विलक्षण प्रकरण आलं. हॉस्पिटलमधून चोरीला गेलेलं बाळ सुमारे वर्षभराने सापडलं, आणि जन्म देणारी व सांभाळणारी अशा दोन्ही आया त्याच्यासाठी न्यायालयात आल्या. बाळ जन्मदात्या आईला देताना न्यायमूर्ती कृष्ण दीक्षित यांनी म्हटलं की, स्तनपान हा आईचा हिरावून न घेता येणारा हक्क आहे, बाळाचा हक्कही त्यात मिसळलेला आहे आणि राज्यघटनेच्या कलम २१ चं, म्हणजे जीविताच्या हक्काचं, त्याला संरक्षण आहे.

त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे १९ फेब्रुवारी २०२५. एका संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. प्रसन्न वराळे यांच्या पीठाने निकाल दिला. आईला बाळाला पाजता यावं अशी सोय आणि असं वातावरण देणं ही राज्याची जबाबदारी आहे, असं त्यात म्हटलं आहे. केंद्राच्या महिला व बालविकास खात्याने २७ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्व राज्यांना पत्र पाठवून सार्वजनिक ठिकाणी स्तनपान कक्ष, पाळणाघर अशा सोयी करायला सांगितलं होतं. त्याची आठवण राज्यांना पुन्हा द्या, असा आदेश झाला. असलेल्या इमारतींत शक्य तिथे सोय करा आणि नव्याने बांधायच्या इमारतींत आधीच जागा राखून ठेवा, असंही न्यायालय म्हणालं. आणि सार्वजनिक जागी किंवा कामाच्या ठिकाणी स्तनपान करण्याला कलंक मानू नये, हेही सांगितलं. आजीचंच वाक्य, नाही का?

नोकरी करणाऱ्या आईसाठी १९६१ चा मातृत्व लाभ कायदा होता. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला कामाच्या वेळेत, नेहमीच्या सुटीखेरीज, बाळाला पाजण्यासाठी दोन वेळा सुटी मिळायलाच हवी. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. पण पन्नासची ही अट वाचली की प्रश्न पडतो. आपल्या मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या मावशी, साईटवर घमेली वाहणारी बाई, वेचणीची मजूर, यांना पाळणाघर कुठून मिळणार? ज्यांना गरज जास्त, त्यांच्यापर्यंत कायदा अजून पुरता पोचलेला नाही.

आणि आपल्या मोबाईलबहाद्दरांसाठी एक सूचना. स्तनपान कक्षासारख्या खाजगी जागेत चोरून बघणं किंवा फोटो काढणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं कैद. स्त्रीचा अपमान करण्याच्या हेतूने शेरे मारणं, हावभाव करणं कलम ७९ मध्ये येतं. 'गंमत केली' हा बचाव होत नाही.

बाहेरच्या जगातही हे सहज झालेलं नाही. स्कॉटलंडने २००५ मध्ये कायदा करून दोन वर्षांखालच्या बाळाला सार्वजनिक जागी दूध पाजण्यापासून अडवणं हाच गुन्हा ठरवला. अमेरिकेत पन्नासही राज्यांत हा हक्क कायद्यात यायला २०१८ साल उजाडलं.

खोली ही सोय आहे, अट नाही

आपल्या महाराष्ट्रात एसटी स्टँडवर 'हिरकणी कक्ष' असतात. नाव किती समर्पक! पण नुसती पाटी लावून भागत नाही. आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईच्या अधिवेशनात त्यांना दिलेला हिरकणी कक्ष धुळीने भरलेला होता. त्यांनी डोळ्यांत पाणी आणून ते सगळ्यांसमोर सांगितलं, बातम्या झाल्या, मग कक्ष नीट झाला. आमदाराची ही गत, तर लेकराला काखेत घेऊन एकटी आलेली बाई कुणाला सांगणार?

आणखी एक धोका आहे. खोली झाली की लोक म्हणू लागतात, "खोली आहे ना, मग इथे कशाला?" हे चूक आहे. आईला आडोसा हवा असेल तर तो मिळाला पाहिजे, पण बाकावर बसूनच पाजायचं असेल तर तोही तिचाच हक्क. खोली तिच्यासाठी असावी, तिला नजरेआड करण्यासाठी नसावी. आणि 'टॉयलेटमध्ये जाऊन पाजा' म्हणणाऱ्यांना एकच विचारावंसं वाटतं: आपण आपला डबा टॉयलेटमध्ये बसून खातो का?

आता माझा संबंध सांगतो. आम्ही सिव्हिलवाले प्लॅन काढतो तेव्हा त्यात पार्किंग असतं, वॉचमनची केबिन असते, मीटर रूम असते. बाळाला पाजायची जागा मात्र कुणी काढत नाही, आणि सर ती विचारतही नाहीत. खरं तर लागतं किती? दहा बाय आठची खोली, तळमजल्यावर, संडासाला लागून नको. आतून कडी, हात टेकता येईल अशी खुर्ची, पंखा, बेसिन, बाळाला ठेवायला एक टेबल, एक प्लग पॉईंट. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती दिवसभर उघडी हवी. 'किल्ली ऑफिसमध्ये मिळेल' असं लिहिलेली खोली असून नसल्यासारखीच.

आपल्या कॉलेजात स्पर्धा परीक्षांचं सेंटर पडतं तेव्हा गेटबाहेरच्या निंबाखाली बघा. आत आई पेपर सोडवत असते आणि बाहेर आजी रडणाऱ्या नातवाला खेळवत असते. पेपर सुटल्यावर ती आई धावत येते, आणि तिला टेकायला जागा नसते. लेडीज कॉमन रूमशेजारची खोली या कामासाठी द्यावी, अशी प्राचार्य महोदयांना या लेखातून नम्र विनंती. तिथे पंखा आणि खुर्च्या बसवून देण्याचं काम आम्ही फायनल इयरची मुलं सबमिशन सांभाळून आनंदाने करू.

आणि खोली होईपर्यंत आपल्या हातात एवढं नक्की आहे: बसमध्ये अशा आईला जागा द्यायची, नजर वळवायची, मोबाईल खिशात ठेवायचा. आणि कुणी बोललंच, तर त्या आजीसारखं एक वाक्य आपणही बोलायचं.

– अंतिम वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी