जुने संगणक, दोन नेटवर्क : संपर्क कुठे तुटतो?

भांडुपच्या औद्योगिक गाळ्यांसाठी : खाली वर्कशॉप, पोटमाळ्यावर ऑफिस

• स्विच एकाच नेटवर्कमधले संगणक जोडतो. दोन नेटवर्कमध्ये राउटर लागतोच.

• समजा, वर्कशॉपचे पत्ते १९२.१६८.१ ने आणि ऑफिसचे १९२.१६८.२ ने सुरू होतात. सबनेट मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०, म्हणजे ही दोन वेगळी नेटवर्क. (१९२.१६८ चे पत्ते १९९४पासून खासगी वापरासाठी राखीव.)

• सगळ्यात जास्त घोळ परतीच्या वाटेचा. ऑफिसचा निरोप वर्कशॉपच्या संगणकापर्यंत पोचतो. पण तिथे गेटवेचा (म्हणजे राउटरच्या पत्त्याचा) रकाना रिकामा असेल, तर उत्तर परत येत नाही. पडद्यावर दिसतं, ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. केबल बदलण्याआधी दोन्ही टोकांचे गेटवे बघावेत.

• पत्ता पाहायला विंडोज ९५-९८वर ‘विनआयपीसीएफजी’, एक्सपीवर ‘आयपीकॉन्फिग’. मग ‘पिंग’ : आधी स्वतःचा गेटवे, नंतर पलीकडचा संगणक. वाट कुठे अडते ते ‘ट्रेसर्ट’ सांगतं.

• नेटबुई हा जुना प्रोटोकॉल राउटर ओलांडत नाही.

• एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २पासून (२००४) फायरवॉल आपोआप चालू असते; पिंगला उत्तर न येण्याचं तेही कारण असू शकतं.

• मायक्रोसॉफ्टचा आधार बंद : विंडोज ९८, ११ जुलै २००६, एक्सपी, ८ एप्रिल २०१४. ही यंत्रं इंटरनेटपासून दूरच ठेवावीत.