प्लॅस्टिकबंदीची सीमारेषा

महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी काढलेल्या अधिसूचनेला ‘प्लॅस्टिकबंदी’ म्हटले जात असले, तरी ती सरसकट बंदी नाही. अविघटनशील कचरा नियंत्रण कायदा, २००६ च्या आधारे निघालेल्या या अधिसूचनेने प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि प्लॅस्टिक व थर्माकोलची ताटे, वाट्या, पेले, चमचे यांवर बंदी घातली. औषधांची वेष्टने, निर्यातीचा माल आणि दुधाच्या पिशव्या यांना मात्र वगळले. दुधाची पिशवी ५० मायक्रॉनपेक्षा जाड असावी आणि रिकामी झाल्यावर पैसे देऊन परत घेतली जावी, अशी अट होती.

केंद्राच्या नियमांनी पिशव्यांच्या बाबतीत जाडीची कसोटी लावली. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. २०११ मध्ये किमान जाडी ४० मायक्रॉन होती; २०१६ मध्ये ५०, सप्टेंबर २०२१ अखेर ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. पातळ पिशवीला वजन नसते. भंगार किलोवर विकले जात असल्याने कचरावेचक ती उचलत नाहीत आणि ती गटारात जाऊन अडकते. जाड पिशवी महाग पडते. दुकानदार ती फुकट देत नाही आणि गिऱ्हाईक ती पुन्हा वापरते. राज्याचा नियम याहून कडक असल्याने महाराष्ट्रात सामान नेण्याची प्लॅस्टिकची पिशवी जाड असली तरी चालत नाही.

१ जुलै २०२२ पासून देशभर ठरावीक एकल वापराच्या वस्तूंवर बंदी आली. कानकाड्या, फुग्यांच्या काड्या, स्ट्रॉ, सजावटीचे थर्माकोल, मिठाईच्या खोक्यांवरचे पातळ वेष्टन अशा, उपयोग कमी आणि कचरा जास्त करणाऱ्या वस्तू या यादीत आहेत. वेफर्स, बिस्किटांची पाकिटे यादीत नाहीत. त्यांना तितकाच स्वस्त पर्याय नाही. त्यांचा कचरा गोळा करून त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

राज्यात पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० रुपये दंड आहे. तिसऱ्या वेळी २५,००० रुपये दंड आणि तीन महिने कैद होऊ शकते. बंदी उत्पादन, विक्री, वाहतूक आणि साठा यांप्रमाणेच वापरावरही आहे. त्यामुळे भाजीवाल्याकडे पिशवी मागणारे गिऱ्हाईकही तिच्या कक्षेत येते. बाजाराला निघताना कापडी पिशवी बरोबर घेणे हेच बरे.