बोर्डो मिश्रणाची तीव्रता व तिचे गणित

द्राक्षावरील केवडा अथवा सुपारीवरील कोळेरोग यांचा बंदोबस्त करू पाहणाऱ्या बागाइतदारास बोर्डो मिश्रणाचे नाव ठाऊक नाही, असे क्वचितच घडते. परंतु त्या मिश्रणाची तीव्रता किती असावी व ती कशी मोजावी, हा प्रश्न पुष्कळदा अंदाजावर सोडला जातो. मिश्रण पातळ झाले तर खर्च व श्रम दोन्ही वाया जाऊन रोग फैलावतो. ते बिघडले अथवा फाजील तीव्र झाले तर कोवळी पाने करपतात. हे दोन्ही तोटे टाळण्यास मुलांच्या शाळेतील रसायनशास्त्राचे एक लहानसे गणित पुरेसे आहे.

पाण्यात जो पदार्थ विरघळतो तो द्राव्य, पाणी हे द्रावक, आणि दोहोंचे मिळून होते ते द्रावण. शंभर लिटर तयार द्रावणात जितके किलो द्राव्य असेल, तितके टक्के त्याची तीव्रता समजावी. येथे ‘तयार’ हा शब्द महत्त्वाचा आहे. भाग पाडावयाचा तो अखेरीस जमलेल्या एकंदर द्रावाने, आरंभी घेतलेल्या पाण्याने नव्हे.

एक टक्का बोर्डो मिश्रणास 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना व पाणी मिळून 100 लिटर असे प्रमाण आहे. आता एखाद्याने मोरचूद 100 लिटर पाण्यात विरघळविले, चुना दुसऱ्या 100 लिटरांत कालविला व दोन्ही एकत्र केले, तर एकंदर 200 लिटर होऊन तीव्रता अर्धा टक्काच राहते. वजन बरोबर, माल चोख, तरी औषध निम्मे! म्हणून 50 लिटरांत मोरचूद व 50 लिटरांत चुना घ्यावा आणि दोन्ही द्राव एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ढवळीत ओतावे.

दुसरा धोका जुन्या कोष्टकांचा आहे. पूर्वीच्या पुस्तकांत 5:5:50 असे प्रमाण आढळते. तेथे पहिले दोन आकडे पौंडांचे व तिसरा गॅलनांचा आहे. इंग्रजी गॅलनभर पाण्याचे वजन 10 पौंड. तेव्हा 50 गॅलन म्हणजे 500 पौंड, व त्यात 5 पौंड मोरचूद म्हणजे बरोबर एक टक्का. हेच आकडे किलो व लिटर समजून वापरले तर तीव्रता 10 टक्के होते. इतके दाट मिश्रण खोडास व छाटलेल्या जागी लावावयाच्या मलमाचे होय. पानांवर मारावयाचे नव्हे.

ज्यास वरचेवर फवारावे लागते, त्याने साठ्याचा द्राव करून ठेवणे सोयीचे. 10 किलो मोरचूद विरघळवून एकंदर द्राव 100 लिटर करावा, म्हणजे तो 10 टक्क्यांचा झाला. चुन्याचाही तसाच निराळा ठेवावा. मग हवी असलेली तीव्रता व हवे असलेले लिटर यांचा गुणाकार करून साठ्याच्या तीव्रतेने भागावे. 16 लिटरांच्या पंपास 1 टक्का मिश्रण हवे असल्यास 1 गुणिले 16 भागिले 10, म्हणजे 1.6 लिटर द्राव लागेल. तो पाणी घालून 8 लिटर करावा, चुन्याचा द्रावही 1.6 लिटर घेऊन 8 लिटर करावा आणि मग दोन्ही मिसळावे. दाट द्राव तसेच एकमेकांत ओतू नयेत. तयार मिश्रण त्याच दिवशी संपवावे.

गणित बरोबर असूनही माल खोटा असेल तर उत्तर चुकते. निळ्या खड्यांच्या शुद्ध मोरचुदात शंभर भागांत तांबे सुमारे 25 भाग व पाणी 36 भाग असते. तेव्हा एक टक्का मिश्रणात तांबे पाव टक्काच येते. चुना ताजा कळीचा असावा. हवेत पडून विरलेल्या चुन्याचा बराच अंश खडूसारखा निरुपयोगी होतो, मोरचूद पुरते निवत नाही, व तेच पानांस जाळते. याची परीक्षा सोपी आहे. स्वच्छ घासलेला लोखंडी विळा मिश्रणात मिनिटभर धरावा. त्यावर तांबूस लेप चढल्यास चुना कमी पडला असे समजून आणखी घालावा. याच कारणास्तव मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नये; मातीचे, लाकडी अथवा प्लास्टिकचे भांडे घ्यावे.

या औषधाचा इतिहासही बोधप्रद आहे. फ्रान्सात बोर्डो येथील प्राध्यापक मिलार्दे यांना 1882 साली असे दिसले की, चोरांनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर शिंपडलेल्या मोरचूद-चुन्याने त्या वेली केवड्यापासून वाचल्या. त्यांनी 1885 साली प्रसिद्ध केलेल्या कृतीत 100 लिटर पाण्यात 8 किलो मोरचूद व 30 लिटरांत 15 किलो चुना होता. 130 लिटर पाण्यास 8 किलो, म्हणजे तीव्रता सुमारे सहा टक्के. पुढील अनुभवाने ती एक टक्क्यावर आली. मोजून पाहिले म्हणूनच इतका मोरचूद वाचला.

तरी आमच्या बागाइतदार बंधूंनी फवारणीच्या आदल्या दिवशी तराजू व मापाचे भांडे काढून ठेवावे आणि हिशेब कागदावर मांडावा. घरात शाळेत जाणारा मुलगा वा मुलगी असेल, तर तो त्यांच्याकडून तपासून घ्यावा. त्यांचा अभ्यास होईल, व बागेचेही रक्षण होईल.