स्पीकर घेण्याआधी खोली मोजा
घरी गाणं ध्वनिमुद्रित करायचं ठरलं की पहिला प्रश्न बहुधा कंपनीचा असतो आणि दुसरा वॅटचा. माझ्या मते खोलीचा प्रश्न या दोन्हींच्या आधी यायला हवा. स्पीकरमधून निघालेला आवाज थेट कानात येतो तसा भिंतींवर आपटूनही येतो, आणि दहा बाय बाराच्या खोलीत हा दुसरा वाटा फार मोठा असतो. आवाजाचा हवेतला वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. त्या हिशेबाने बारा फुटांवरच्या समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ४७, ९४, १४१ हर्ट्झ अशा ठरावीक कंप्रता घुमत राहतात. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे खोलीच्या बरोबर मध्यावर बसून ऐकलं तर तो षड्ज पोकळ लागणार, आणि दोनच फूट पुढे सरकलं की फुगणार. पलंग, कपाट, उघडी खिडकी यांमुळे हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण प्रकार तोच राहतो. भिंतीला चिकटवलेल्या फोमच्या पातळ चौकोनांनीही तो सुटत नाही. १४१ हर्ट्झची लहर जवळजवळ अडीच मीटर लांबीची असते. इंचभर जाडीचा फोम तिला अडवत नाही, फक्त वरचे बारीक स्वर शोषून खोली निस्तेज करतो. कोपऱ्यांत उभ्या केलेल्या जाड गाद्यांचा उपयोग त्याहून बरा.

म्हणून लहान घरात पहिला खर्च वायर असलेल्या चांगल्या हेडफोनवर करावा. खोलीला वळसा घालून आवाज कानात पोचवणारं तेवढं एकच साधन आहे. ध्वनिमुद्रणाला कान पूर्ण झाकणारा, मागून बंद असलेला हेडफोन हवा. मागून उघड्या हेडफोनमधला तानपुरा आणि तबला बाहेर झिरपून माइकमध्ये शिरतो आणि मग गळ्यापासून वेगळा काढता येत नाही. सोनीचा एमडीआर-७५०६ हा असाच बंद हेडफोन १९९१ पासून जगभरच्या स्टुडिओंत वापरात आहे. ब्लूटूथचा मोह मात्र टाळावा. त्यात आवाज पोचायला अनेकदा दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशीर होतो. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा २५० मिलिसेकंदांची असते, तेव्हा एवढ्या उशिराने समेवर यायचं कसं?

हेडफोन खोटं चित्र दाखवतो, असा जाणकारांचा आक्षेप असतो आणि तो खरा आहे. स्पीकरवर डावीकडचा आवाज उजव्या कानालाही ऐकू येतो, हेडफोनमध्ये येत नाही. त्यामुळे तबला आणि तानपुरा आहेत त्यापेक्षा जास्त दूर वाटतात, आणि डग्ग्याची घुमक छातीला जाणवत नाही. पण हेडफोनची चूक बैठक बदलली म्हणून बदलत नाही. ती कायम तीच असते, म्हणून शिकता येते. यामाहाचा एनएस-१० हा स्पीकर १९७८ मध्ये घरगुती वापरासाठी निघाला. त्याचा खालचा आवाज पातळ होता. तरीही २००१ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत त्याने स्टुडिओंवर राज्य केलं, कारण ध्वनिमुद्रकांना त्याची खोड पाठ झाली होती. आपल्या आवडीच्या चार-सहा ध्वनिमुद्रिका रोज त्याच हेडफोनवर ऐकल्या, तर त्याचीही खोड अशीच कळते.

रियाजाचं गणित मात्र निराळं आहे, आणि तिथे हेडफोनचा आग्रह मी धरणार नाही. दोन्ही कान बंद झाले की स्वतःचा आवाज हाडांतून जड होऊन ऐकू येतो आणि सुराचा अंदाज हलतो. म्हणून तर स्टुडिओत गायक एक कान उघडा ठेवतात. गळ्याच्या रियाजाला तानपुरा हवेतूनच यावा, पण तो मोबाइलच्या स्पीकरमधून नको. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्यात खर्जाची तार ६९ हर्ट्झची असते, आणि मोबाइलमधून तो मूळ स्वर जवळजवळ येतच नाही. वरच्या स्वरांशांवरून मेंदू तो भरून काढतो, पण सुराला बैठक मिळत नाही. चार-पाच इंची वूफरचा छोटा स्पीकर कोपऱ्यापासून दूर, कानाच्या उंचीवर ठेवला आणि आवाज गळ्यापेक्षा कमी राखला तर काम भागतं. त्यासाठी वॅट मोजत बसू नये. शंभर वॅटचा अँप दहा वॅटच्या दहापट मोठा ऐकू येत नाही, जेमतेम दुप्पट येतो. गिटारवाल्यालाही घरी पाच-दहा वॅट पुष्कळ. निवासी भागात आवाजाची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे, त्यामुळे उशिराच्या सरावाला वादकाने पुन्हा हेडफोनच काढावा. पण तोही बेताच्या आवाजात: जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने आठवड्याला ८० डेसिबल ४० तास चालतात, ९० डेसिबल फक्त चार तास.