मोबाईलवरचा बाजार आणि घरची हळद



गेल्या महिन्यात गट ऑफिसमध्ये खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाची बैठक झाली. मंडळी उठली, पण एक तरुण सभासद मागे रेंगाळला. म्हणाला, "साहेब, पाचटाचं समजलं. पण आमच्या आईच्या बचत गटानं हळद पूड मोबाईलवर विकायला लावलीय. वीस पाकिटं गेली, तीन फुटून परत आली. सगळं वजा जाता जे हातात पडलं ते बघून आई म्हणते, हळकुंडं आपली अडत्यालाच घाला. ह्यात काही राम आहे का?"

प्रश्न एकट्याचा नाही. उसाच्या फेरपालटाला हळद घेणारे आपल्यात पुष्कळ आहेत आणि घरोघरी मोबाईल आहे. म्हणून हा विषय या अंकात घेतला.

एका चिनी गावाची हकीकत

चीनच्या ज्यांगसू प्रांतात शाजी नावाचे छोटे शहर आहे. त्याच्या हद्दीत दोंगफेंग हे खेडे येते. जमीन बेताची. बरीच घरे टाकाऊ प्लॅस्टिक गोळा करून त्यावर पोट भरत. बाकीचे तरुण शहराची वाट धरत. सुन हान नावाचा असाच एक तरुण नोकरी सोडून गावी आला आणि २००६ साली त्याने ताओबाओ या ऑनलाईन बाजारात दुकान उघडले. शांघायला मोठ्या दुकानात त्याने सुटे भाग जोडून उभी करायची लाकडी मांडणी पाहिली होती. तशीच सोपी मांडणी त्याने गावच्या सुताराकडून करून घेतली, फोटो टाकला आणि माल खपू लागला.

शेजाऱ्यांनी पाहिले. २००८ च्या जागतिक मंदीत प्लॅस्टिकचा धंदा बसला, तेव्हा घरामागून घर या कामात उतरले. आता खरी गोष्ट ऐका. विकणारे वाढले तसे फळ्या कापणारे, स्क्रू-बिजागऱ्या विकणारे, खोके बांधणारे, माल वाहणारे हेही गावातच उभे राहिले. बाहेर गेलेली पोरे परत आली. रुपया गावात आला आणि चार हातांत फिरला.

अशा गावांना तिकडे 'ताओबाओ गाव' म्हणतात. वर्षाची ऑनलाईन उलाढाल किमान एक कोटी युआन आणि गावात शंभर चालू दुकाने किंवा दहा टक्के घरे या धंद्यात, अशी त्याची मोजणी. २००९ साली अशी गावे ३ होती, २०१४ साली २१२ आणि २०२० साली ५,४२५ झाली.

नाण्याची दुसरी बाजू

पण यातली बहुतेक गावे समुद्रकाठच्या पूर्वेकडील प्रांतांत आहेत. कारखाने जवळ, रस्ते चांगले, वाहतूक स्वस्त. आतल्या भागाचे काय? आन्हुई, हनान व ग्वेचौ या प्रांतांतील खेड्यांत ऑनलाईन खरेदी-विक्रीची सोय नेऊन अर्थतज्ज्ञांनी पाहणी केली. ती २०२१ साली प्रसिद्ध झाली. निष्कर्ष असा, की गावातून होणारी विक्री आणि उत्पन्न फारसे वाढले नाही. फायदा झाला तो थोड्याच घरांना, तोही स्वस्तात वस्तू विकत मिळाल्याचा. म्हणजे नुसती सोय आली की माल गावात येतो. गावचा माल बाहेर जायला आणखी काही लागते.

शाजीलाही ठेच लागली. एकाने नवी मांडणी काढली की शेजारी तीच काढी आणि भाव पाडी. शेवटी नफा गेला गिऱ्हाइकाच्या खिशात.

हिशेब मांडून पाहू

उसाच्या बिलातून तोडणी-वाहतूक वजा होते, हे आपल्याला सांगायला नको. ऑनलाईन विक्रीतही तेच आहे. समजा, अर्धा किलो हळद पूड १५० रुपयांना विकली. कमिशन २५, पोचवणावळ ४५, पाकीट-खोका १२, दळणावळ व घट ८. राहिले ६०. तेवढ्याच हळकुंडांचे अडत्याकडे ६५ मिळत असतील तर आपण पाच रुपये पदरचे घालून हौस केली! शिवाय परत आलेल्या पाकिटाचे भाडे निराळेच.

आता तीच चार पाकिटे एका खोक्यात एकाच घरी गेली तर? विक्री ६०० रुपये. कमिशन १००, पोचवणावळ समजा ८०, पाकीट-खोका ४०, दळण ३२. राहिले ३४८. अडत्याकडचे २६० वजा केले तर ८८ रुपये जास्त. हळद तीच, बाजार तोच. फरक पडला तो खोक्यात.

मग करावे काय?

एक, एकट्याने उडी घेऊ नये. दहा-वीस घरांनी किंवा बचत गटाने एक नाव, एक प्रत आणि एक भाव ठरवावा. एकाच गावातले दोघे एकमेकांचा भाव पाडू लागले की संपले.

दोन, प्रत सांभाळा. हळकुंड नीट वाळलेले हवे, पूड चाळलेली हवी. एकाची ओली पूड गेली तर नाव सगळ्यांचे जाते.

तीन, अन्न परवाना काढा. पाकिटावर वजन, तारीख व पत्ता छापा. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्याला काही अटींवर जीएसटी नोंदणीतून सवलत आहे. राज्याबाहेर माल पाठवायचा तर मात्र नोंदणी लागते.

चार, पहिल्या दिवसापासून वही ठेवा. परत आलेले पाकीटही वहीत आले पाहिजे.

कुणी म्हणेल, "साहेब, मग उसाचा गूळच करून विकू की!" नोंदीचा ऊस ही तुमची-आमची बांधिलकी आहे, तो कारखान्याचाच. पण हळद, आंतरपिकाच्या शेंगा, घरचा मसाला याला चार पैसे जास्त मिळाले तर कारखान्याला आनंदच आहे. ज्याच्या घरात पैसा खेळता असतो, तो उसाला वेळेवर खत घालतो, हे मी शिवारात रोज पाहतो.

१९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांना एकत्र करून कारखाना उभा केला. एकट्याचा ऊस बाजारात दुबळा असतो, हे त्यांनी ओळखले होते. मोबाईल आला म्हणून एकट्याची हळद काही सबळ होत नाही.

त्या तरुणाला मी एवढेच म्हणालो, "मावशींना सांग, अडत्याकडं घाई करू नका. आधी गटातल्या सगळ्या बायकांची वही एकत्र मांडा. पुढच्या बैठकीला मी येतो." आपल्या गटातही असे कुणी करीत असेल, तर गट ऑफिसला वहीसह जरूर यावे. बसून हिशेब करू.

– ऊस विकास अधिकारी