थंडी यायच्या आधी भाड्याचं घर: काय तपासायचं, कोणाला सांगायचं

आजचा एपिसोड खास त्यांच्यासाठी, जे पुण्या-नागपूरहून थेट शिकागोसारख्या शहरात भाड्याने राहायला आलेत. आपल्याकडे थंडी म्हणजे स्वेटर काढला की झालं. इथे ३० जानेवारी २०१९ ला पारा उणे ३१ सेल्सिअसपर्यंत उतरला होता. अशा थंडीत फक्त माणसाला नाही, घरालाही कपडे घालावे लागतात.

पहिला प्रश्न: घर गरम ठेवणं कोणाचं काम? शिकागोत याचा नियमच आहे. १५ सप्टेंबर ते १ जून या काळात सकाळी साडेआठ ते रात्री साडेदहा घरात किमान ६८ फॅरेनहाइट, म्हणजे २० सेल्सिअस हवं. रात्री ६६ फॅरेनहाइट. हीट बिल्डिंगकडून येत असेल तर ही जबाबदारी घरमालकाची. थर्मोस्टॅट तुमच्या हातात असेल, तर एवढी ऊब देऊ शकेल अशी चालू यंत्रणा त्याने द्यायची. म्हणून ऑक्टोबरमध्येच हीट एकदा लावून बघा. काही बिघाड असेल तर मालकाला ईमेल करा, सोबत थर्मामीटरचा फोटो जोडा. फोनवर बोललेलं हवेत विरतं, लिहिलेलं राहतं. तरीही काही झालं नाही, तर ३११ ला तक्रार करता येते.

आता पाइप. शाळेत शिकलोय आपण, पाण्याचा बर्फ झाला की तो साधारण ९ टक्के फुगतो. पण गंमत अशी की पाइप बहुतेक वेळा बर्फ असतो तिथेच फुटतो असं नाही. बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये पाणी अडकतं, त्याचा दाब वाढत जातो आणि पाइप तडकतो. म्हणून कडाक्याच्या रात्री बाहेरच्या भिंतीकडचा नळ थेंब थेंब चालू ठेवायला सांगतात. पाणी वाहतं राहावं हे एक कारण, पण मुख्य म्हणजे दाबाला वाट मिळते. सिंकखालच्या कपाटाची दारंही उघडी ठेवा, खोलीतली ऊब पाइपपर्यंत पोचते.

पाइप गोठलाच तर? नळ उघडा ठेवा आणि हेअर ड्रायरने नळाच्या बाजूकडून हळूहळू गरम करत जा. लायटर, मेणबत्ती, कुठलीही ज्योत अजिबात नको. आणि लक्षात ठेवा, पाणी वाहायला लागतं ते बर्फ वितळल्यावर. त्यामुळे पाणी बंद करायचा मेन व्हॉल्व्ह कुठे आहे हे आजच मालकाला विचारून ठेवा.

तिसरी गोष्ट, फटी. खिडकीजवळ ओला हात धरा, वारा कुठून येतो ते लगेच कळतं. खिडकीवर लावायची प्लास्टिक फिल्म हार्डवेअरच्या दुकानात मिळते. कडेने चिकटवायची आणि हेअर ड्रायरने ताणून घ्यायची. दाराखाली जुना टॉवेल गुंडाळून ठेवला तरी फरक पडतो.

छोटा हीटर घेणार असाल तर थोडं गणित करू. १५०० वॅट भागिले १२० व्होल्ट, म्हणजे साडेबारा अँपिअर. घरातलं सर्किट बऱ्याचदा १५ अँपिअरचं. त्याच लाइनवर मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडणार! हीटर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा, एक्स्टेन्शन बोर्डवर नाही. पडदे, गादी, कपडे तीन फूट लांब. आणि ऊब मिळावी म्हणून गॅसचा ओव्हन उघडा ठेवू नका, त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. त्याला ना वास, ना रंग. इलिनॉयमध्ये झोपायच्या खोलीपासून १५ फुटांच्या आत त्याचा अलार्म असणं कायद्याने बंधनकारक आहे. बटण दाबून बघा, वाजतो का.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण हे आपल्याच लोकांचं होतं. डिसेंबरात तीन-चार आठवडे भारतात जायचं असतं. बिल वाचेल म्हणून हीट बंद करून निघतो. तिकडे आपण आईच्या हातची पुरणपोळी खातोय आणि इकडे खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या छतातून पाणी! हीट चालू ठेवायची अट बऱ्याच लीजमध्ये असते, त्यामुळे खर्च तुमच्या गळ्यात येऊ शकतो. मालकाचा विमा इमारतीचा असतो, तुमचा लॅपटॉप आणि गादी त्यात सहसा येत नाही. त्यासाठी भाडेकरूचा वेगळा विमा लागतो.

म्हणून निघताना थर्मोस्टॅट ५५ फॅरेनहाइट, म्हणजे साधारण १३ सेल्सिअसच्या खाली नेऊ नका. मालकाला तारखा कळवा, आणि एखाद्या मित्राकडे किल्ली देऊन मधे एकदा चक्कर मारायला सांगा. बदल्यात त्याच्यासाठी चकली-चिवडा आणला की हिशोब मिटला.

तर या वीकेंडला तीनच कामं: हीट लावून बघा, अलार्म वाजवून बघा, मेन व्हॉल्व्ह शोधा. आणि हा एपिसोड तुमच्या रूममेटला पाठवा, कारण व्हॉल्व्ह त्यालाही माहीत हवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!