कमरेचा पट्टा आणि आमची चूक



आमची धाकटी बहीण शारजाला मुलाकडे राहते. २०२२च्या नोव्हेंबरात तिचा फोन आला, "ताई, कमरेत उसण भरली गं. उठवत नाही." काय उचललंस म्हणून विचारले तर म्हणे, पाण्याची बाटली. तिथे घरोघरी कूलरवर पाच गॅलनची बाटली उपडी घालतात. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, तीत जवळजवळ १९ लिटर पाणी मावते, म्हणजे १९ किलो वजन. ते नुसते उचलायचे नाही, वर नेऊन उलटे करायचे. मुलगा कामावर, सून कामावर, नातीला लागली तहान, आणि आमच्या ७१ वर्षांच्या बहिणीने कंबर कसली.

आम्ही जवळजवळ चाळीस वर्षे नर्स. पहिली चार मुंबईत, बाकीची इस्राएलमध्ये. आम्ही फोनवरच निदान करून मोकळे झालो. "लचक भरली असेल. पट्टा लाव, दोन दिवस आराम कर, होईल बरं." एवढे बोलून फोन ठेवला आणि स्वयंपाकाला लागलो. त्या एका वाक्यापायी हा लेख लिहीत आहोत.

कंबर बांधणे आपल्याला नवीन नाही. बंदरावरचे हमाल ओझे उचलण्यापूर्वी कमरेला कापड गुंडाळायचे. बाळंतिणीचे पोट बांधायची पद्धत तर आपल्या आयाआज्यांनी कधी चुकवली नाही. आणि उसण भरली की गावात पायाळू माणसाला शोधून आणायचे, त्याने पाठीला पाय लावला की उसण पळाली म्हणायचे! (मुलांनो, जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू.) उसण बहुतेक वेळा आपोआपच बरी होत असते. मग नाव कधी पायाळूचे होते, कधी पट्ट्याचे.

पूर्वी आम्हा बहिणींना भेटायचे तर मुंबई गाठावी लागे. २०२० साली इस्राएल आणि अमिराती यांचा करार झाला, विमाने थेट जाऊ लागली, आणि २०२३च्या जानेवारीत आम्ही प्रथमच तिच्या घरी गेलो. दार तिनेच उघडले. आम्हीच पाठवलेला गाऊन अंगात होता, पण तो जमिनीला टेकत होता. पूर्वी घोट्यावर यायचा. आमच्या पोटात तिथेच धस्स झाले.

पट्टा होता. दिवसा होता, रात्रीही होता. दोन महिने झाले तरी अंथरुणात कुशीवर वळताना ती ओरडायची. आम्ही पट्टा सोडला, पाठीच्या कण्यावरून बोटे फिरवत खाली आलो, आणि बरगड्या संपतात त्याच्या जरा खाली एका मणक्यावर हलकेच मूठ टेकवली. ती कळवळली. साध्या लचकेचे दुखणे बहुधा कण्याच्या बाजूच्या मांसात असते. नेमके हाडावर दुखले की नर्सने सावध व्हायचे, हे आम्ही किती पोरींना शिकवले असेल!

दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला. कमरेचा पहिला मणका पुढच्या बाजूने चेपला होता. बिस्किटाच्या पुड्यातले एक बिस्कीट दबावे तसा. हाडे ठिसूळ झाली की त्यासाठी पडावेही लागत नाही, वजन उचलताना, कधी नुसते वाकतानाही मणका चेपतो. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडे भराभर पातळ होतात. त्यात तिथले ऊन एवढे कडक की माणसे दिवसभर घरात आणि गाडीत बसतात, म्हणून सूर्याच्या देशात राहूनही 'ड' जीवनसत्त्व कमी. डॉक्टरांनी रक्त तपासले, हाडांची घनता मोजली, कॅल्शियम, 'ड' जीवनसत्त्व आणि हाडे बळकट करायचे औषध सुरू केले. फोन आला त्याच आठवड्यात हे व्हायला हवे होते. बहीण आम्हाला एक शब्द बोलली नाही. भाचा मात्र म्हणाला, "मावशी, तू सांगितलंस म्हणून आम्ही डॉक्टरकडे नेलं नाही." तो रागाने बोलला नव्हता. म्हणूनच ते जास्त लागले.

तेव्हा पट्टा विकत घेण्याआधी काय विचारायचे ते लिहितो. वय सत्तरीच्या आसपास आहे का, पडल्यावर किंवा वजन उचलल्यावर एकदम कळ आली का, पूर्वी कधी हाड मोडले आहे का, दम्यासाठी वा संधिवातासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस चालू आहेत का? ताप आहे, वजन उगीचच उतरते आहे, पूर्वी कॅन्सर झालेला आहे, झोपेतही दुखते? यांतले एक जरी असेल तर आधी डॉक्टर, पट्टा नंतर. आणि लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, बसायच्या जागेला मुंग्या आल्या किंवा बधिर झाले, पायातली शक्ती गेली, तर सकाळची वाट पाहू नये. रात्रीच इस्पितळात जावे.

आता खुद्द पट्टा. भाच्याने घाईत आणलेला पट्टा जाड काळ्या रबरासारख्या कापडाचा होता, घाम काढून पोट उतरवायला पोरे व्यायामशाळेत लावतात तसला. आधार काहीच नाही, घाम भरपूर. बहिणीच्या कमरेभोवती घामोळे उठून कातडी लाल झाली होती. वर तिने तो परकराच्या नाडीवरूनच बांधला होता, त्या गाठीचा वळ उठला होता तो वेगळाच.

साध्या लचकेसाठी लवचीक, जाळीदार कापडाचा पट्टा पुरतो. त्याला पाठीमागे दोन-चार उभ्या कांड्या असतात, आणि बाजूला ओढून घट्ट करायच्या आणखी दोन पट्ट्या. या बाजूच्या पट्ट्या असतील तर बोटांत जोर नसलेल्या म्हाताऱ्या माणसालाही तो बसल्या जागी सैल-घट्ट करता येतो. माप पँटच्या नंबरावरून घेऊ नये. उभे राहून, श्वास सोडून, बेंबीच्या रेषेत टेप फिरवावी आणि खोक्यावरचा तक्ता पाहावा, कारण एका कंपनीचा मध्यम तो दुसरीचा मोठा. दुकानातच बांधून खुर्चीवर बसून पाहावे. वरची कड बरगडीत आणि खालची जांघेत रुतली तर तो पट्टा उंच आहे. बुटक्या बायकांना कमी रुंदीचाच घ्यावा लागतो. आत सुती बनियन हवे. बांधल्यावर आत तळहात सरकला पाहिजे, श्वास पोटभर घेता आला पाहिजे. ज्यांना हर्निया आहे, छातीत जळजळते, धाप लागते, त्यांनी आणि गरोदर बायकांनी विचारल्याशिवाय पोट आवळू नये. चुंबकाच्या पट्ट्याला जास्त पैसे देऊ नयेत, एवढेच त्याबद्दल.

बांधायचा कधी? उठून चालताना, स्वयंपाकघरात उभे राहताना, तास-दोन तास. झोपताना काढायचा. आठवड्या-दोन आठवड्यांत सोडायचा. पट्ट्याने चार दिवसांत स्नायू झिजतात असे काही नाही, पण पट्टा बांधून माणूस हालचालच टाकतो, ते नुकसान मोठे. पट्टा चालण्यासाठी आहे, पडून राहण्यासाठी नाही. मणका मोडलेल्यांचे कडक पट्टे वेगळे. ते डॉक्टरच ठरवतात, बाजारातून अंदाजाने आणायचे नाहीत. आमच्या बहिणीलाही तसला दिला होता, तोही मोजक्या आठवड्यांपुरता.

२०२३च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीवर पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. तीन महिन्यांहून जास्त चाललेल्या साध्या कंबरदुखीत सरसकट पट्टा देऊ नका, असे त्यांत म्हटले आहे. व्यायाम करा, कामात राहा, असा त्यांचा सल्ला. मग पट्टा अगदीच निरुपयोगी का? तसेही नाही. ज्यांचे दुखणे काही आठवड्यांचे आहे अशांना लवचीक पट्ट्याने हिंडण्याफिरण्यास मदत झाल्याचे फ्रान्समधल्या एका अभ्यासात २००९ साली दिसले होते.

भाचा जेबेल अलीच्या एका गोदामात मुकादम आहे. त्याने जेवताना विचारले, "मावशी, माझ्या माणसांना चाळीस पट्टे घ्यावे म्हणतो." पाठ दुखू नये म्हणून आधीपासूनच पट्टा बांधावा का, हा प्रश्न फार जुना. अमेरिकेत एका मोठ्या दुकान-साखळीतल्या नऊ हजारांवर माल हलवणाऱ्या कामगारांवर अभ्यास झाला, २००० साली छापून आला. पट्टा बांधणाऱ्यांच्या पाठी न बांधणाऱ्यांपेक्षा कमी दुखावल्या, असे काही आढळले नाही. तिथल्याच सरकारी संस्थेच्या हिशेबात सगळे अगदी सोयीचे असेल, म्हणजे ओझे अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, न वळता, तर २३ किलो ही मर्यादा धरतात. हात लांब केले, वाकलात, कमरेत वळलात की ती झपाट्याने खाली येते. आम्ही भाच्याला म्हटले, चाळीस पट्ट्यांच्या पैशांत ढकलगाड्या किती येतील ते बघ. तो हसला. नंतर चार ढकलगाड्या घेतल्याचे त्याने कळवले. त्यांतली एक बिघडलीही म्हणे.

मुलांनो, तुमच्या घरी असली बाटली असेल तर आजी-आजोबांना ती बदलू देऊ नका. तुम्हीही उचलू नका. पाणी आणणाऱ्या भैयालाच लावून जायला सांगा.

बहीण आता सकाळी गच्चीवर उन्हात अर्धा तास चालते. गाऊनची खालची शिवण आम्हीच दोन बोटे वर घेतली. गेलेली उंची काही परत येत नाही. शारजाच्या घरी नवा कूलर आला आहे, त्यात बाटली खालच्या कपाटात ठेवायची असते. आणि तो काळा रबरी पट्टा नातीने घेतला. तो बांधून ती कुस्ती जिंकल्यासारखी घरभर हिंडते.